गोमती आशाट्टीचं अक्षर

“बोट ढिलं सोड. बोट माझं, आवाज तुझा. आवाज तेवढा घट्ट धर.”

लग्न होऊन या घरात आल्याच्या दुसऱ्याच सकाळी विलासिनीनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला. एकोणीस वर्षांची होती ती. चुलीत नारळाची सोडणं सारत बसली होती. झावळ्यांच्या भिंतीपलीकडे, पडवीत, कुणाचं तरी तीन वर्षांचं पोर हमसून हमसून रडत होतं आणि सासू त्याला सांगत होती, “रड की. नको कोण म्हणतंय? पण ‘अ’ म्हणून रड. नुसतं रडणं वाया जातं.” पोर ‘अ’ म्हणून रडू लागलं. थोड्या वेळानं त्यातलं रडणं गळून पडलं आणि ‘अ’ तेवढा उरला. विलासिनीला हसू आवरेना. धुरानं डोळ्यांत पाणी होतंच, हसण्यानं आणखी आलं.

त्याला बेचाळीस वर्षं झाली. पडवी आता सिमेंटची होती, भिंत विटांची होती, आणि तो आवाज जाऊन आज सोळा दिवस झाले होते.

सोळाव्याचं जेवण उरकत आलं होतं. सकाळीच सुतक फिटलं होतं. वेळंतुरुत्त बेटावर विलासिनीच्या सासूच्या, गोमती आशाट्टीच्या म्हणजे गोमती गुरुबाईंच्या, पडवीत धुळाक्षरं गिरवली नाहीत असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. त्यामुळे तीन पंगती उठल्या तरी कालव्यापलीकडून होड्या येतच होत्या. ब्याण्णव वर्षांचं आयुष्य, त्यातली शहात्तर वर्षं या कळरीत, पोरांच्या अक्षरशाळेत, वाळूपुढं बसून काढलेली. आजोबा, बाप आणि नातू, तिघांचंही पहिलं अक्षर तिनंच बोट धरून काढलेलं, अशी वीसेक घरं तरी बेटावर होती.

“माझ्या मांडीवर अजून खूण आहे आशाट्टीची,” म्हातारा कुट्टप्पन केळीच्या पानावरचं पायसम बोटांनी गोळा करत सांगत होता. सत्तरी उलटलेला नावाडी, पण आवाज दोन कालवे ओलांडून जाईल असा. “चिमटा काढायचा झाला ना, की आधी बोटांत वाळू घ्यायची. वाळूसकट चिमटा! ताम्रपट पुसला जाईल, ही खूण नाही जायची. दाखवू?”

“मुंडू खाली घ्या हो काका, लोक जेवतायत!” शैलजा ओरडली, आणि सगळी पंगत हसली.

शैलजा शेजारच्या बांधावरची. तिची थोरली मुलगी चार वर्षांपूर्वी इथंच शिकली होती. धाकटा आता साडेतीनचा झाला होता आणि तिच्या मांडीवर बसून पापड चुरत होता. विलासिनी तिच्या पानावर पायसम वाढत होती, इतक्यात सुगुणन पडवीच्या पायरीवर उभा राहिला.

सुगुणन आशाट्टीचा धाकटा मुलगा, विलासिनीचा दीर. कोचीला नोकरीत जन्म गेला, निवृत्तही तिथंच झाला. माणूस मायेचा, पण चारचौघांत बोलायला उभा राहिला की सभा असल्यासारखा घसा साफ करायचा.

“बसा, बसा. जेवता जेवता ऐका. आम्ही ठरवलंय की कळरीच्या दारात अम्माच्या नावाचा काळा दगड उभा करायचा. वर अम्माचं नाव. आणि खाली, नीट ऐका, खाली अम्माचं अक्षर. तिच्या हातचं, जसंच्या तसं कोरलेलं. कारागीर सोमवारी येतोय.”

“वा!” कुट्टप्पन म्हणाला. “हे बरं केलंस.”

“त्यासाठी शैलजानं पान दिलंय. अम्मानं तिच्या मुलीला लिहून दिलेलं.” सुगुणननं रुमालात गुंडाळलेलं ताडपत्र काढलं आणि दोन्ही हातांवर धरलं. “अम्मा तेव्हा अठ्ठ्याऐंशीची होती. अठ्ठ्याऐंशी! आणि वळण बघा.”

ताडपत्र या हातातून त्या हातात फिरू लागलं. कुट्टप्पननं हात धुतले, मुंडूला पुसले आणि पान उन्हाकडं धरून डोळे बारीक केले. “ही शेपटी बघा. मासा पाण्यात वळतो तशी. अख्ख्या कुट्टनाडात एकच बाई हे वळण काढायची. झोपेतून उठवून विचारा, सांगेन.”

पायसमची पळी विलासिनीच्या हातात तशीच राहिली.

ते पान तिनं लिहिलं होतं.

“आणि कळरीचं काय?” पंगतीतून कुणीतरी विचारलं. “परवा दसऱ्याची दशमी, पहिल्या अक्षराचा दिवस. अकरा पोरांची नावं दिलीत आम्ही.”

सुगुणननं पुन्हा घसा साफ केला. “कळरी अम्माची होती. अम्माबरोबर ती मानानं मिटलेली बरी. आज अष्टमी. संध्याकाळी पुस्तकं-हत्यारं पूजेत ठेवतानाच अम्माची लेखणीही ठेवू. दशमीला पूजेतून उचलली की सरळ वाचनालयात, काचेच्या पेटीत.”

“म्हणजे ह्याला आता शहरातल्या देवळात न्यायचं,” शैलजा पोराचं तोंड पुसत म्हणाली. “तिथं तीनशे पोरांची रांग. पुजारी बोट धरतो न धरतो तोच, चला, पुढचा या. काय शिकणार!”

“विलासिनी आहे की घरात,” एक म्हातारी म्हणाली.

“विलासिनी चेचीचं सोडा हो. चेचीनं वाळू चाळली, पोरांची नाकं पुसली, होडीतून आणली-पोचवली. त्या नसत्या तर आशाट्टीचं चाललं नसतं, हे मी कुठंही सांगेन. पण अक्षर म्हणजे…” शैलजानं जीभ चावली. “राग मानू नका हं, चेची.”

“राग कसला,” विलासिनी म्हणाली. “पायसम घे अजून.”

तिनं वाढलं आणि ती आत गेली.

*

विलासिनी काथ्यावाल्यांच्या वस्तीतली. चौथीनंतर शाळा सुटली ती आईच्या मागोमाग रहाटाला लागली. एकीनं रहाट फिरवायचा, दुसरीनं कमरेला काथ्याची झोळी बांधून, दोन्ही हातांनी काथ्या सोडत उलट पावली चालत जायचं. दिवसभर उलटच चालायचं. गोमती आशाट्टी थोरल्या मुलासाठी, पुष्पांगदनसाठी, मुलगी बघायला त्या वस्तीत आली तेव्हा तिनं ना तोंड न्याहाळलं ना पत्रिका मागितली. वळून पडलेली दोरी उचलली, चिमटीत धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघितली. “कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही,” म्हणाली. “ही पोर माझी.”

आशाट्टीच्या घरात काथ्यावाली येणार म्हणून भावकीत कुजबुज झाली. पण कुजबुजीनं हलणारी बाई ती नव्हती. चोवीस वर्षांची असताना तिनं शेतमजुरांची चार पोरं पडवीत बसवली होती, तीही मोठ्या घरच्या पोरांच्या ओळीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या घरच्या होड्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्या वर्षी आशाट्टी रोज पहाटे वाळू चाळायची, दिवा लावायची, आणि चाळीस पोरांपुढं बसावं तशी त्या चौघांपुढं बसायची. चौघांतला एक कुट्टप्पन. वर्षानं होड्या परत आल्या. तिनं कुणाला एक शब्द विचारला नाही. बसायला जागा दाखवली, ओळीत शेवटची.

चौतिसाव्या वर्षी तापानं नवरा गेला. सोळावा झाला त्याच्या दुसऱ्या पहाटे तिच्या वाळूची चाळण वाजली. दोन मुलं, म्हातारी सासू, एक अधू नणंद, सगळी तिनं त्या पडवीवर जगवली. लग्नं तिनं जुळवली, भांडणं तिनं मोडली. बांध फुटला तर शेतकऱ्यांच्या सभेत बायकांतून एकटी उभी राहून बोलली. आणि वाळू चाळताना गुणगुणायची,

*चाल बोटा, चाल रे, वाळूवरून चाल रे,*
*होडी वळते कालव्यात, तसं वळण घाल रे.*
*चुकलं तर पुसून टाक, वाळूला ना राग रे,*
*पुसलं त्याच जागी पुन्हा अक्षर होऊन जाग रे.*

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी ताडपत्रावर लिहिताना तिची लोखंडी लेखणी घसरली. पान उभं चिरलं. तिनं दुसरं घेतलं, तेही चिरलं. तिसरं घेतलंच नाही. उजवा हात मांडीवर ठेवला आणि दंगेखोर पोराकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत बसली. हात थरथरत होता.

“हात म्हातारा झाला,” ती म्हणाली. “कळरी नाही झाली. विलासिनी, बस इथं.”

“मी?”

“मग काय कुट्टप्पनला बसवू?”

त्रेपन्नाव्या वर्षी विलासिनी वाळूपुढं बसली. दुपारी पोरं गेली, पुष्पांगदन होडी घेऊन बाहेर पडला, की दार ओढून घ्यायचं. मग सासूचा थरथरता हात तिच्या बोटावर यायचा. “ढिलं सोड. बोट माझं, आवाज तुझा.” चुकलं की दंडाला चिमटा, वाळूसकट. “अम्मा, मला नातू होईल आता!” “होऊ दे. त्यालाही काढीन.” वाळूनंतर ताडपत्र. डाव्या अंगठ्याच्या नखाला खाच पाडायची, लेखणी त्या खाचेत टेकवायची, आणि पान हळूहळू सरकवत न्यायचं. जोर कमी पडला तर अक्षर उमटत नाही, जास्त पडला तर पान फाटतं. किती जोर, ते कुणाला सांगून कळत नाही. पण विलासिनीच्या बोटांना ते ठाऊक होतं. काथ्याच्या दोरीत त्यांनी ते जन्मभर केलं होतं.

वर्ष गेलं. एके दिवशी सासूनं तिचं पान मागून घेतलं. नजर तोवर अंधुक झाली होती. तिनं तर्जनी अक्षरांवरून फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पान पोरांना द्यायच्या चळतीत ठेवलं. तेवढंच. बरं आहे, वाईट आहे, काही नाही. विलासिनीनं त्या रात्री सुखानं भात खाल्ला.

“दशमीला सगळ्यांना सांगू,” सासू म्हणाली.

“नको, अम्मा.”

“का?”

“काथ्यावालीच्या हातचं पान कोण घेईल? आहेत तीही पोरं जातील. आणि चुकलं कुठं, तर म्हणतील, आशाट्टीनं कुणाच्या हाती दिलं बघा.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं?”

“बोलायचं नाही. गप्प बसायचं.”

म्हातारीनं तळव्यानं वाळू सपाट केली. “गप्प बसेन. पण कुणी विचारलं तर सांगणार हं मी.”

कुणी विचारलं नाही.

मग महापुराचं वर्ष आलं. बेट छपरापर्यंत बुडालं. सगळे पलीकडच्या शहरात, शाळेतल्या छावणीत. आशाट्टीनं तिथं बांधकामाच्या ढिगातली वाळू मागून घेतली आणि व्हरांड्यात कळरी मांडली. पाणी ओसरल्यावर कळलं, एकाही घरात ताडपत्र उरलं नव्हतं. महिन्याभरात साठ पोरांना साठ पानं मिळाली. शहाऐंशी वर्षांच्या बाईनं साठ पानं लिहिली म्हणून गावानं सत्कार ठेवला, शाल घातली. आशाट्टी माइकपुढं उभी राहिली.

“ही शाल…” तिनं सुरुवात केली.

मागं उभ्या विलासिनीनं तिच्या वस्त्राचं टोक ओढलं.

आशाट्टी थांबली. “ही शाल बरी आहे. ऊब देईल,” म्हणाली आणि बसली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. परतताना होडीत वारा सुटला तेव्हा तिनं ती शाल काढली आणि काही न बोलता विलासिनीच्या खांद्यांवर घातली. विलासिनीला ती घर येईपर्यंत जड झाली.

त्यानंतर दर वर्षी अष्टमीच्या दुपारी, शेवटचं पान लिहून झालं, की म्हातारी एकच विचारायची. “यंदा सांगतेस?”

“पुढच्या वर्षी, अम्मा.”

पुढचं वर्ष आज आलं होतं. विचारणारी नव्हती.

*

पुष्पांगदन मागच्या अंगणात राखेनं पितळी समई घासत होता. विलासिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“ऐकलंत ना?”

“ऐकलं. काळा दगड चांगला असतो. पुरात टिकतो.”

“अक्षराचं म्हणते मी.”

त्यानं समईचा पाय उलटा केला आणि आतून घासू लागला. “अक्षर चांगलंच आहे. कुणाचंही असलं तरी.”

विलासिनी त्याच्याकडं बघतच राहिली.

“असं काय बघतेस? तुझ्या नखाची खाच आठ वर्षं बघतोय मी. नारळ सोलताना तुटलं म्हणालीस. एकच नख, आठ वर्षं, त्याच जागी तुटतं? आणि अम्माचा हात. भात कालवताना शितं ताटाबाहेर उडायची. मी काय आंधळा आहे?”

“मग बोलला का नाहीत?”

“या घरात वाढलोय मी. विचारल्याशिवाय बोललं की वाळूचा चिमटा.” तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. “पण आज नको, विलासिनी. आज तिचा सोळावा. लोक म्हणतील, म्हातारीनं आठ वर्षं फसवलं. शाल घेतली, सत्कार घेतला, सगळं फसवून. तिचं नाव जाईल आणि तुझं काही होणार नाही. दोन्हीकडून बुडेल.”

“आणि नाही बोलले तर?”

“दगड तरी राहील.”

“दगडापुढं पोरं बसत नाहीत,” विलासिनी म्हणाली आणि उठली.

चुलीवरच्या दोरीला ताडपत्रांची जुडी टांगलेली होती. हळदीच्या पाण्यात उकळलेली, वाळवलेली, धुरावर धरलेली. महिन्यापूर्वी ती उकळताना सासू जवळ बसून पाण्याचा वास घेत होती आणि “अजून दोन कढ” म्हणत होती. विलासिनीनं अकरा पानं मोजून घेतली. काजळीची वाटी घेतली. परसातून माक्याचा पाला खुडून चुरला.

देवघरात सुगुणननं आधीच रेशमी कापडावर लेखणी मांडून ठेवली होती. तिनं ती उचलली.

पडवीत लोक पानसुपारीला बसले होते. ती त्यांच्यामधून गेली, भिंतीकडची चटई ओढली आणि ऐन उजेडात बसली. दार ओढून न घेता ती पहिल्यांदाच लिहायला बसत होती.

“चेट्टत्ती,” सुगुणन वहिनीला म्हणाला, “ती लेखणी पूजेची आहे.”

“पूजा दिवा लागल्यावर. एकदा ठेवली की दशमीपर्यंत कुणी काही लिहायचं नाही, ते मला माहीत आहे. अजून ऊन आहे. अकरा पोरं आहेत, अकरा पानं लागतील.”

“अहो, पण लिहिणार कोण?”

तिनं डावा अंगठा पानावर टेकवला, लेखणीचं टोक नखाच्या खाचेत बसवलं. तिनं श्वास सोडला, बोटं ढिली केली, आणि पान सरकू लागलं. कर्र. कर्र. वाळलेल्या पानावर लोखंड फिरण्याचा तो आवाज लोकांच्या बोलण्याखालून येत राहिला, आणि हळूहळू लोकांचं बोलणं थांबलं. कोरलेली अक्षरं आधी दिसत नव्हती. तिनं काजळी नि पाल्याचा रस बोटावर घेतला, पानावरून चोळला, ओल्या फडक्यानं वरचं पुसून घेतलं. अक्षरं काळीभोर वर आली.

कुट्टप्पननं आधी हात पुढं केला. त्यानं नवं पान डाव्या हातात धरलं, शैलजाच्या मुलीचं उजव्यात. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. पानाचा विडा गालात तसाच राहिला.

“शेपटी,” तो म्हणाला. “तीच शेपटी.”

पडवीत एकच गलका झाला. “हुबेहूब!” “हात बघा हो बाईचा!” “इतकी वर्षं जवळ बसली, गुण लागणारच.” “आशाट्टीचा आशीर्वाद, दुसरं काय.” सुगुणनच्या डोळ्यांत पाणी आलं. तो चटईजवळ येऊन खाली बसला. “चेट्टत्ती, अम्मा जाता जाता तुमच्या हातात उतरली म्हणायची. कधी शिकलात हो?”

“चेची, मग मी कशाला जाऊ त्या तीनशेंच्या रांगेत?” शैलजा म्हणाली. “परवा पहाटे पहिली मी. ह्याचं नाव पहिलं लिहा.”

“माझ्या नातीचंही राहू दे.” “आमचंही.”

“ठरलं तर!” सुगुणन उठून उभा राहिला. “कळरी चालू राहील. दगडावर अम्माचं मूळ अक्षर राहील, आणि चेट्टत्तींनी ते बघून बघून तसंच गिरवत राहायचं. झकास झालं की नाही?”

सगळ्यांना ते पटलं. स्वयंपाकघराच्या दारात पुष्पांगदन घासलेली समई घेऊन उभा होता. त्यानं विलासिनीकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. मिळालं ना? आता पुरे.

मिळालं होतं. अकराच्या अकरा पोरं आली होती. आता फक्त मान खाली घालून दुसरं पान घ्यायचं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. दगडावर तिचीच अक्षरं राहतील, वरच्या नावाखाली, आणि ती रोज सकाळी त्यांच्या शेजारून वाळू घेऊन जाईल. तिनं दुसरं पान घेतलंही. अंगठा टेकवला. लेखणी टेकवली.

मग तिनं लेखणी खाली ठेवली.

“सुगुणा, सोमवारी कारागिराला ते पान देऊ नकोस.”

“का? दुसरं चांगलं सापडलं?”

“ते अम्माचं नाही.”

“नाही कसं? शैलजाच्या मुलीचं आहे. चार वर्षांपूर्वीचं.”

“चार वर्षांपूर्वी अम्माला लेखणी धरता येत नव्हती. आठ वर्षांपूर्वीच सुटली होती ती. ते पान मी लिहिलंय.”

शैलजानं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “म्हणजे माझ्या पोरीच्या वहीत ठेवलेलं… रोज नमस्कार करते ती त्याला…”

“माझं.”

“आणि पुरानंतरची?” कुट्टप्पननं विचारलं. त्याचा आवाज एरवी कधी इतका हळू निघत नसे. “ती साठ?”

“तीही.”

म्हाताऱ्यानं दोन्ही पानं चटईवर ठेवली. मांडीवर हात घासला. “आशाट्टीनं आम्हाला फसवलं? मला? ज्या बाईनं माझ्यासाठी वर्षभर…”

“नाही!” विलासिनीचा आवाज पडवीत असा कधी चढला नव्हता. तिचा तिलाच तो नवा वाटला. पण तिनं तो सोडला नाही. “अम्मा पहिल्याच वर्षी सांगणार होती. सत्काराच्या दिवशी माइकपुढं सांगणार होती, मी तिचं वस्त्र ओढलं. दर अष्टमीला विचारायची मला, यंदा सांगतेस का. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. दर वेळी तेच म्हटलं. मला भीती वाटायची, काथ्यावालीच्या हातचं म्हटलं तर तुम्ही पान परत कराल. लबाडी झाली असेल तर ती माझी, तिची नाही. तिनं फक्त माझं बोट धरलं, जसं तुमचं धरलं. आता ज्याला परत करायचं असेल त्यानं करा. ज्याला पोर आणायचं नसेल त्यानं आणू नका. मी परवा पहाटे वाळू चाळून इथं बसणार आहे, एक आलं तरी बसणार आहे.”

सुगुणन पायरीवर टेकला होता. विलासिनी त्याच्याकडं वळली. आता तिचा स्वर खाली आला होता, पोराला समजावताना येतो तसा.

“दगड उभा कर, सुगुणा. मोठा कर. नाव अम्माचं घाल, आम्ही सगळी तिच्या नावावरच जगलो. पण खाली ते अक्षर कोरू नकोस. ते माझं आहे.”